वही परत द्या

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार. वेळ नसलेल्यांनी खुशाल पुढं सरकावं.

आमच्या गल्लीतली एक पोरगी. नववीत. दिवाळीला आकाशकंदील करून विकते. आज मधल्या सुट्टीत वर्गातल्या पोरींच्या ऑर्डरी लिहून घेत होती, तर बाईंनी वहीच काढून घेतली आणि आईला बोलावणं धाडलं. आईला ऐकवलं काय, तर "एवढ्याशा वयात पैशाची हाव बरी नव्हे." ती माउली दोन घरच्या चपात्या उरकून शाळेत गेलेली. संध्याकाळी कोपऱ्यावर भेटली तर म्हणते, "भाऊजी, कंदील विकणं काय चोरी हाय व्हय?"

हीच शाळा जानेवारीत आनंद बाजार भरवते. मांडव, स्पीकर, फुग्यांची कमान, वर फलक 'भावी उद्योजक'. तिथं विकायला काय असतं? आईनं पहाटे उठून तळलेले वडे. पोरगं टेबलामागं उभं राहून फोटो काढून घेतं, सुट्टे पैसे पप्पा देतात. नफा किती झाला विचारा. सांगताच येत नाही, कारण खर्च घरातनं झालेला, तो कुणी मोजलेलाच नसतो. तरी ते व्यवहारज्ञान, आणि ही पोरगी खरोखर हिशोब ठेवते ती हाव!

ती वही मी गेल्या दिवाळीत बघितलीय. एका बाजूनं भूगोल, उलटी धरली की कंदील. कामट्या, पतंगाचा कागद, दोरा, खळीचा मैदा. मैदा घरातलाच, पण त्याचेही पैसे लावलेले. शेवटचा रकाना 'फुकट गेले', त्यात फाटलेला कागद, मोडलेली कामटी. आधी तिनं भाव लावला होता १०० रुपये. थोडे खपल्यावर बेरीज घेऊन माझ्याकडं आली, "काका, मी एका कंदिलाला दोन तास बसतो आणि हातात सुटत्यात बावीस रुपये. मी येडी हाय काय?" दुसऱ्या दिवशी भाव १५०. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण आलं. हे कुठल्या धड्यात आहे सांगा मला.

आमच्या कट्ट्यावरचा एक दोस्त लगेच म्हणाला, बालमजुरीत येतं हे. नाही येत बाबा. कायदा पोरांना कामाला जुंपणाऱ्यासाठी आहे. चौदाच्या आतल्यांना राबवायचं नाही, अठरापर्यंत धोक्याच्या कामाला लावायचं नाही. स्वतःच्या हातानं चार कंदील करणारीला तो कशाला अडवेल? अडचण आहे ती वेगळीच. अठरा पूर्ण नसतील तर १८७२च्या करार कायद्यानं तुम्ही केलेला करार करारच नाही, आणि उधारी बुडवली तर पोरगी एकटीनं दाद मागणार कशी? उलट रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना मोकळीक दिली की दहा वर्षांवरच्या पोराला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येईल. रिझर्व्ह बँकेचा विश्वास आहे आणि आमच्या बाईंचा नाही.

उधारीचं निघालंच म्हणून सांगतो. गल्लीतल्याच एका बड्या माणसानं, दारात चारचाकी असलेल्या, दोन कंदील नेले आणि "देतो गं नंतर" म्हणून सोडून दिलं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. पोरगी वही घेऊन थेट त्यांच्या दारात. "काका, तुमच्या नावावर ३०० हायत." चारचौघांत दिले मुकाट्यानं. नाद खुळा!

माझ्या डोक्यात खरी तिडीक वेगळीच आहे. बंगल्यातल्या पोरानं बापाच्या पैशानं टी-शर्ट छापून इन्स्टावर विकले की तो 'स्टार्टअप', त्याचा सत्कार, त्याला शाल-नारळ. चपात्या लाटणारीच्या पोरीनं कंदील विकला की हाव. आणि हे कुठं? कोल्हापुरात! त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला शाहू महाराजांनी पैसे दिले आणि स्वतः तिथं थांबून चहा प्यायले. धंदा माणसाला ताठ उभं करतो हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्ही जयंतीला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी पोरीची वही कपाटात कुलूपबंद करतो.

२०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर आपली कोल्हापुरी चप्पल आपलं नाव न घेता फिरवली तेव्हा आपण सगळ्यांनी काय पोस्टी पाडल्या होत्या. कारागिराच्या घामाची किंमत वगैरे. मीही पाडली होती. आता गल्लीतली कारागीर स्वतःच्या घामाची किंमत लावतेय तर तिला गप्प बसवताय?

बरं, मान्य, सहामाही तोंडावर आलीय आणि वर्गात ऑर्डरी घेऊ नयेत. खायच्या वस्तू असतील तर स्वच्छतेचं बघायलाच हवं, घरगुती धंद्यालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. झालं, मानलं. पण मग बाईंनी पोरीला एवढंच सांगायचं होतं की "शाळा सुटल्यावर घे."

आणि उद्यमनगरातल्या कारखान्यात माझ्यासोबत लेथवर उभे राहणारे कितीतरी जण पोरवयात बुरा झाडत शिकले, ते मी काही कौतुकानं सांगणार नाही. घरात चूल पेटत नव्हती म्हणून आले होते ते, हौस म्हणून नाही. तसलं पुन्हा कुणाच्या नशिबी नको. म्हणून तर या पोरीचं बघून बरं वाटतं, तिला शाळाही हवीय आणि कंदीलही.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभाराकडं जाऊन शिकायचं, असं लिहिलंय. दिल्लीत सरकारी शाळांतल्या अकरावी-बारावीच्या पोरांना धंद्यासाठी प्रत्येकी दोन हजार भांडवल दिलं गेलं. आपल्याकडं निदान वही तरी काढून घेऊ नका.

गेल्या वर्षी ऐन वसुबारसेला पाऊस आला. जिन्यात टांगलेले कंदील भिजून लोळागोळा. मला वाटलं आता रडते. तिनं कागद सोलून काढला, कामट्यांचे सांगाडे पंख्याखाली वाळवले आणि रातोरात दुसरा कागद चढवला. आई मदतीला बसली तर म्हणाली, "तू बस, पण तुझी मजुरी लिवणार." आणि लिहिली! तेवढ्याच रकमेनं नफा खाली आला त्या साली.

आईबापांनाही एक सांगणं आहे. पोरानं काही काढलं की लगेच लोगो-बिगो करून देऊ नका, सगळा माल पाहुण्यांच्या गळ्यात मारू नका. दोनशे रुपये बुडाले तर बुडू देत, त्याच्याच गल्ल्यातनं.

उद्या पोरीच्या आईबरोबर मी शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. बघू, बाई ऐकतील. वाईट नाहीत त्या, चाळीस पोरं सांभाळायची म्हणजे सोपं नाही. पण नाहीच ऐकलं तर मग भांडणार.

आता खाली "पण दहावीचं काय?" असं लिहिणार असाल तर जरूर लिहा. फक्त सोबत हेही लिहा की यंदा तुमच्या दारात लागणारा कंदील कुणी केलेला आहे आणि त्याला तुम्ही किती घासाघीस केली.