एवढं कोण बघतं?

चौथं सेमिस्टर आज संपलं. तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, झोपायला पाहिजे. पण डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलेय.

आज संभाजीनगरला आमच्या डिझाइनच्या कोर्सची ज्युरी होती, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायची परीक्षा. भिंतीवर सगळ्यांची पोस्टरं. पीकविम्याच्या एका पोस्टरवर भलंमोठं 'शेतकर्यांसाठी'. र गायब आणि 'या'च्या डोक्यावर रफार! तीन परीक्षक होते. त्यांनी रंग बघितले, ग्रिड म्हणजे मांडणीची आखणी बघितली, खालच्या इंग्रजी ओळीतल्या दोन अक्षरांमधलं अंतर बोट ठेवून दाखवलं. मथळ्याबद्दल अवाक्षर नाही. त्यांतल्या आमच्या सरांना मी म्हणाले, सर, इथं ऱ पाहिजे. तर म्हणे, "एवढं कोण बघतं?"

पोस्टर करणाऱ्या मैत्रिणीवर माझा राग नाही. की-बोर्डवर ऱ वेगळा असतो, साधा र घेतला की संगणक त्याचा रफार करून टाकतो, हे तिला दोन वर्षांत कुणी सांगितलंच नाही.

आणि कोण बघतं म्हणजे? माझे पप्पा बघतात.

मी सहावीत होते. अंबाजोगाईत एका कृषी सेवा केंद्राचा बोर्ड रंगवायला पप्पांकडं होता. 'शेतकऱ्यांचे हक्काचे दुकान'. मालकानं चिठ्ठीवर रफार दिलेला, पप्पांनी घाईत तसाच उतरवला. रंग भरून झाल्यावर नेहमीसारखे रस्ता ओलांडून पलीकडं उभे राहिले. बराच वेळ बघितलं. परत आले, बोळा रॉकेलमध्ये बुडवला आणि ओला ऑइलपेंट पुसून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन! मालक म्हणाला, "राहू द्या की पेंटर, चालतंय." पप्पा म्हणले, "तुमाला चालतंय. मला न्हाई चालत."

डिझाइनच्या इतिहासाच्या पेपरला आम्ही १९१९ चं बाउहाउस हे जर्मन डिझाइन विद्यालय पाठ केलं, १९५७ चा हेल्व्हेटिका हा इंग्रजी अक्षरांचा फाँट पाठ केला. करावंच, मला आवडलंही. पण १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि छपाईसाठी देवनागरी अक्षरांचे देखणे धातूचे खिळे पाडले, हे वर्गात एकदाही आलं नाही. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट ज्यांनी घडवला त्या र. कृ. जोशींचं नावसुद्धा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यातल्या निम्म्यांवर ल हिंदी वळणाचा होता. आपला पाकळीचा ल कुठं गेला, कुणाला पडलंय?

नोकरी पुण्या-मुंबईत आहे आणि तिथं इंग्रजी लागतं, मान्य. फ्लेक्स स्वस्त पडतो, एका रात्रीत हातात येतो, तेही मान्य. त्याच फ्लेक्सनं पप्पांचं काम गेलं. आता ट्रॉल्यांवरची नावं आणि झेडपी शाळांच्या भिंती, एवढंच उरलंय. म्हणून मी या कोर्सला आले. हाताचं गेलं तर गेलं, अक्षर तरी घरात राहील असं वाटलं होतं.

त्या रात्री मालकानं शेवटी स्कूटर वळवून हेडलाइट लावला. पप्पांनी हात टेकायची काठी बोर्डावर ठेवली आणि ऱ्या परत काढला. र ची ती आडवी, जराशी वाकलेली रेघ एका दमात. मी डबा धरून उभी होते. तेव्हा मला एवढंच कळलं की घरी जायला उशीर झालाय.

सरांशी आज जास्तच चढ्या आवाजात बोलले. त्यांनी ग्रिड खरंच जीव लावून शिकवली, ते विसरत नाही. सोमवारी जाऊन भेटेन. पण ऱ सोडणार नाही.

मघाशी माझ्या पोस्टरचा फोटो पप्पांना पाठवला. हुरड्याचं आहे, सगळं मराठीत. त्यांचा लगेच फोन आला. "चांगलंय. पण 'हु' आणि 'र'मधी लई जागा सुटलीय बघ. जरा लांबून बघ."

लॅपटॉप टेबलावर ठेवून खोलीच्या दारापर्यंत मागं गेले. सुटलीय खरी. सबमिशन होऊन गेलंय, तरी फाइल उघडलीय.