'केम्प्ट' नाही म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. इंग्रजीत 'अनकेम्प्ट' आहे पण 'केम्प्ट' नाही, 'अनकूथ' आहे पण 'कूथ' नाही, 'डिसग्रंटल्ड' आहे पण 'ग्रंटल्ड' नाही. वर 'इनफ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' यांचा अर्थ एकच. सबब, इंग्रजीला ना शेंडा ना बुडखा. खाली हसणारे चेहरे. गंमत म्हणून ठीक, पण बहुतेक दावे फोल आहेत.

'केम्प्ट' होता आणि शब्दकोशात आजही आहे. 'केम्ब' म्हणजे विंचरणं; कंगव्याला इंग्रजीत जो 'कोम' म्हणतात तो याच घरातला. केस न विंचरलेला तो अनकेम्प्ट. गबाळा, अव्यवस्थित हा पसरट अर्थ मागाहून आला.

'कूथ'ची गोष्ट जास्त रंगतदार आहे. आपण रोज वापरतो त्या 'कॅन' क्रियापदाचा मूळ अर्थ जाणणं, आणि जुन्या इंग्रजीत 'कूथ' म्हणजे जाणलेलं, माहितीतलं. म्हणून अनकूथ म्हणजे नुसता अनोळखी. पण अनोळखी माणूस आधी विचित्र वाटतो, मग रांगडा, मग असंस्कृत. शब्दही त्याच पायऱ्या उतरला. स्कॉटलंडमध्ये 'कूथी' अजून टिकून आहे, अर्थ मनमिळाऊ, आपुलकीचा. सुसंस्कृत या अर्थाचा आजचा 'कूथ' मात्र पुढे कोणीतरी थट्टेत 'अन' छाटून बनवलेला.

'डिसग्रंटल्ड' म्हणजे नाराज. इथे फॉरवर्डवाल्याचं गृहीतकच चुकलंय. इथला 'डिस' नकार देत नाही, जोर देतो. 'ग्रंट' म्हणजे गुरगुरणं, 'ग्रंटल' म्हणजे सारखं कुरकुरत राहणं. 'स्पार्क'वरून 'स्पार्कल' होतं तसंच. तेव्हा 'डिस' काढलात तरी माणूस खूश होत नाही, कुरकुरतच राहतो. खूश या अर्थाचा 'ग्रंटल्ड' विसाव्या शतकातला विनोद आहे.

'ओव्हरव्हेल्म' आहे पण 'व्हेल्म' नाही, या दाव्याचंही तेच. 'व्हेल्म' म्हणजे भांडं पालथं घालणं, पुढे बुडवून टाकणं. 'ओव्हर'ने फक्त भर घातली.

आता 'इनफ्लेमेबल'. पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. हा 'इन' नकाराचा नाहीच; लॅटिनमधल्या पेटवणं या अर्थाच्या क्रियापदातून तो आलाय. दोन वेगळे 'इन' दिसायला सारखे, एवढंच. आपल्याकडे 'विफल'मधला 'वि' फळ काढून घेतो, 'विज्ञान'मधला ज्ञान काढून घेत नाही. त्यावरून कोणी मराठीला वेडी ठरवत नाही. घोटाळा मात्र खरा होता. 'इन' म्हणजे 'न' समजून कोणी काडी ओढू नये म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी विसाव्या शतकात 'फ्लेमेबल' पुढे रेटला.

एका बाबतीत फॉरवर्ड अर्धामुर्धा बरोबर आहे: 'इनेप्ट' (अकुशल) आहे, 'एप्ट' नाही. पण त्याचा जोडीदार 'ॲप्ट' समोरच बसलाय. लॅटिनमध्येच 'इन' लागला की पुढच्या 'अ'चा 'ए' व्हायचा, म्हणून ओळख पटत नाही.

राहिला शेवटचा टोमणा: 'रूथ नावाची बायको सोडून गेली की नवरा रूथलेस.' बायबलमधल्या रूथचं नाव हिब्रूतलं. तिचा इथे संबंध नाही. इंग्रजी 'रूथ' म्हणजे दया, कणव; म्हणून रूथलेस म्हणजे निर्दय. इंग्रज कवी मिल्टनने 1637 साली मित्राच्या मृत्यूवर लिहिलेल्या कवितेत देवदूताला याच 'रूथ'ने विरघळायला सांगितलंय.