गुंगीचंच औषध होतं, तर बायबल कापलं कशाला?

‘ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्यांनी गुलामांना पाजलेली अफू, आणि अमेरिकेतली ब्लॅक थिऑलॉजी म्हणजे साठच्या दशकात क्रूस लावून आलेला मार्क्सवाद,’ अशी एक पोस्ट जोरात फिरते आहे. पहिल्या वाक्यात अर्धं तथ्य आहे. दुसऱ्यात तेवढंही नाही. ब्लॅक थिऑलॉजी म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मुक्तीच्या नजरेतून मांडलेलं ख्रिस्ती धर्मशास्त्र.

गुलामगिरीला चर्चनं हातभार लावला, हे कबूलच. अमेरिकेच्या दक्षिणेतले सदर्न बॅप्टिस्ट हे प्रोटेस्टंट ख्रिस्ती 1845 मध्ये उत्तरेतल्या बॅप्टिस्टांपासून वेगळे झाले, ते गुलाम बाळगणाऱ्यालाही मिशनरी होता यावं म्हणून. माफी मागायला 1995 उजाडलं. पण हेच औषध मालकांना भीतिदायकही वाटत होतं. बाप्तिस्मा घेतल्यानं गुलाम मोकळा होत नाही, असा कायदा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीला 1667 मध्येच करावा लागला. 1807 मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी ‘निवडक’ बायबल छापलं गेलं. त्यात योसेफ मिसर देशात जातो, पण मोशे तिथल्या गुलामीतून इस्राएलांना सोडवतच नाही. तेवढा भाग गाळून थेट दहा आज्ञा. दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे पौलाचं वचन गायब. दासांनी धन्याचं ऐकावं, हे मात्र शाबूत! पुढे 1831 मध्ये नॅट टर्नर या गुलाम उपदेशकानं बंड केलं, तर व्हर्जिनियानं कृष्णवर्णीयांच्या उपदेशावरच बंदी आणली.

मार्क्सवादाचं म्हणाल, तर रिचर्ड ॲलन यांनी फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च स्थापलं 1816 मध्ये. मार्क्स जन्मायला अजून दोन वर्षं होती. त्याच चर्चच्या बिशप हेन्री टर्नर यांनी ‘देव निग्रो आहे’ असं 1898 मध्ये ठणकावलं होतं. 1969 मध्ये ब्लॅक थिऑलॉजीवर आपलं पहिलं पुस्तक लिहिणारे धर्मशास्त्रज्ञ जेम्स कोन याच परंपरेतले. त्यांची डॉक्टरेट स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थवर. उलट, कोन वर्गाचा विचारच करत नाहीत, अशी टीका त्यांच्यावर डावीकडून झाली.

राहिला ब्लॅक थिऑलॉजीवरचा ‘उलट्या वंशवादा’चा, म्हणजे गोऱ्यांच्या द्वेषाचा, आरोप. कोन यांचा काळा ख्रिस्त नुसत्या कातडीचा नाही. जो चिरडला जातो त्याच्या बाजूचा आहे. कोन यांची पुस्तकं वाचली असती तर हा आरोप झाला नसता.

टीका करायचीच, तर कृष्णवर्णीय स्त्री-धर्मशास्त्रज्ञ डेलोरेस विल्यम्स यांच्यासारखी करा. 1993 मध्ये त्यांनी बायबलमधल्या हागारेची कथा पुढे ठेवली: छळाला कंटाळून रानात पळालेल्या त्या दासीला देवदूत सोडवत नाही, मालकिणीकडे परत जायला सांगतो. गुलामांना सोडवणाऱ्या मोशेच्या देवावर भिस्त ठेवणाऱ्या कोन यांना हा प्रश्न खरा अडचणीचा होता.