खांब काढायला आम्ही नाही म्हणालो, त्याबद्दल

नमस्कार.

तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला आणि उत्तर आज मंगळवारी लिहिते आहे. मधला दिवस मुद्दाम जाऊ दिला, कारण रविवारी रात्री लिहिलेलं उत्तर पाठवण्यासारखं नव्हतं.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पुण्यातल्या एका पेठेतल्या जुन्या वाड्यात यांच्या वाटणीला आलेला भाग, म्हणजे खालची ओसरी, माजघर, कोठी आणि वरची माडी, आम्ही आजच्या पद्धतीच्या फ्लॅटसारखा करून दिला. यांचं म्हणणं असं की आठ महिन्यांचं काम तेरा महिने चाललं, बिल फुगलं, हॉलच्या मधला खांब काढायला आणि फॉल्स सीलिंग करायला आम्ही नकार दिला, वॉर्डरोबमागे फट आहे, वरच्या बाथरूमला पायरी आहे, वाय-फाय पोचत नाही आणि बेडरूमच्या भिंतीला टेकलं की कपडे पांढरे होतात. शेवटी लिहिलंय, 'फ्लॅट मागितला होता, म्युझियम मिळालं.' वाडा कोणता, पेठ कोणती, हे मी सांगणार नाही. तुम्हीही सांगितलेलं नाही, त्याबद्दल आभार.

आधी भिंत, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे. पलंगामागच्या भिंतीला चुन्याचा गिलावा आहे. चुना सिमेंटसारखा झटपट धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत तो हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो आणि तोवर त्याला थोडी ओल लागते. तुम्हाला गणपती नव्या घरात बसवायचे होते. बाहेर श्रावणातली हवा, भिंत काही वाळेना. मग आमच्या माणसांनी दोन हॅलोजन लावून तीन रात्री भिंत शेकली. वरून वाळली, पण धरली नाही. म्हणून हात फिरवला की भुकटी येते. हे होणार हे मला तेव्हाच कळत होतं. तारीख पाळायची होती म्हणून मी गप्प बसले. त्या एका भिंतीसाठी तुम्ही एकच तारा दिला असता तरी मी वाद घातला नसता. आमचे गवंडीकाका या धंद्यात माझ्यापेक्षा मुरलेले. त्यांनी त्या वेळी एवढंच विचारलं होतं, 'ताई, भाकरी भाजायचीय का भिंत?'

आता खांब.

ओसरीत, म्हणजे तुमच्या आताच्या हॉलमध्ये, चार सुरूदार (सुरूच्या झाडाच्या घाटाचे) खांब आहेत आणि त्यातला तिसरा नेमका तुमच्या सोफ्याच्या आणि टीव्हीच्या मधे येतो, हे खरं. क्रिकेट बघताना अर्धी खेळपट्टी जाते, हेही खरं. पण तो खांब शोभेचा नाही. तो दगडाच्या तळखड्यावर नुसता उभा आहे, खाली कुठे जखडलेला नाही. वरच्या ओझ्यानेच तो जागेवर आहे. त्याच्या डोक्यावर तुळई (मोठं आडवं लाकूड), तुळईवर कड्या (लहान आडवी लाकडं), कड्यांवर पाट (फळ्या), पाटांवर मातीचा थर, आणि त्यावर तुमची बेडरूम. तुम्ही म्हणालात, लोखंडी गर्डर टाका आणि खांब काढा. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून दाखवलं होतं, तुम्हीही होतात. गर्डर टाकला की खांबावरचं सगळं ओझं त्याच्या दोन टोकांवर जाणार, आणि त्यातलं एक टोक पलीकडच्या बिऱ्हाडाबरोबरच्या सामाईक भिंतीवर. ती भिंत मातीत बांधलेल्या विटांची. लांबवर पसरलेलं वजन ती पिढ्यान्‌पिढ्या झेलेल, एका जागी टोचलेलं झेलेलच असं नाही. ती बसली तर तुमच्या हॉलबरोबर शेजारच्यांचं स्वयंपाकघरही बसणार. त्यांनी फ्लॅट मागितला नव्हता.

माझं चुकलं ते सांगण्यात. साइटवर धुळीत उभ्या उभ्या 'नाही जमणार' म्हणून मी पुढच्या कामाला निघून गेले. कागदावर चित्र काढून समजावलं असतं तर कदाचित हा रिव्ह्यू थोडा लहान झाला असता.

फॉल्स सीलिंगचंही तसंच. आम्ही आलो तेव्हा माजघराला आधीच एक फॉल्स सीलिंग होतं, प्लायवूडचं, जुन्या भाडेकरूंनी कधीतरी ठोकलेलं. ते काढल्यावर वरचा कडीपाट दिसला आणि भिंतीत शिरणारं एका तुळईचं टोक काळं पडलेलं दिसलं. सुतारकाकांनी त्यात पेचकस खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. हात काढला तर मुठीत ओला भुसा आणि वाळवी. कौलातून झिरपणारं पाणी किती वर्षं तिथे मुरत होतं कोण जाणे. खाली प्लायवूड होतं म्हणून कोणाला दिसलं नाही. त्या खोलीवर माणसं झोपत होती. ज्या झाकणाखाली हे झालं, तेच झाकण एलईडीच्या पट्ट्या लावून मी परत कसं बसवून देऊ? तुम्हाला कडीपाट काळपट आणि जुनाट वाटतो. पण पाणी गळलं तर त्यावर डाग पडेल, आणि तो तुम्हाला दुसऱ्या दिवशी दिसेल.

महिने लांबले ते याच तुळईने. जॅक लावून माडी पेलून धरली, कुजलेला तीन फूट भाग कापला, आणि तिरका सांधा करून सागवान जोडलं. नवं सागवान पुढे आक्रसतं, म्हणून पाडलेल्या वाड्याचं जुनं लाकूडच हवं होतं. त्या मापाचं मिळायला पाच आठवडे गेले. माजघराच्या भिंतीचंही लांबलं. तिच्यावर कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला. जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि चुन्यातून ती बाहेर निघून जाते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच चढत राहते. इथे चार फुटांपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, लागला होता. सिमेंट खरवडून भिंत उघडी ठेवली आणि वाट बघितली, सात आठवडे. तुम्ही लिहिलंय की 'दोन महिने साइटवर कोणी फिरकलं नाही'. त्या भिंतीपाशी करण्यासारखं काही नव्हतंच. पण हे तुम्हाला फोन करून कोणी सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवं होतं.

बिलाबद्दल. वाढीव काम ३,४०,००० रुपयांचं झालं आणि ते अकराव्या महिन्यात एकदम तुमच्या हातात पडलं. कोटेशनच्या चौथ्या पानावर 'उघडल्यावर दिसेल त्याचा खर्च वेगळा' असं होतं खरं, पण बारीक अक्षरांत. ते वाक्य आता पहिल्या पानावर आलं आहे, तुमच्यामुळे. रकमेबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. तुळईखेरीज त्यात मोठा भाग वायरिंगचा आहे. आधीच्या कापडी आवरणाच्या वायरींवर एसी, गीझर आणि इंडक्शन चालवणं म्हणजे सागवानाच्या घरात आगपेटी घेऊन झोपणं. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये जळाला तेव्हा दगडी तट आणि जोती उरली, लाकूड गेलं. विश्रामबागवाड्यालाही १८७९ मध्ये आग लागली. म्हणून सगळ्या वायरी धातूच्या नळ्यांतून नेल्या आणि प्रत्येक मजल्याला वेगळी आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली तर पुरवठा तोडणारा स्विच, दिली. ते कुठे दिसत नाही, त्यामुळे पैसे गेल्यासारखं वाटतं.

आता किरकोळ गोष्टी. वॉर्डरोब तुम्ही बाहेरून तयार आणलात. भिंत नऊ फुटांत पावणेदोन इंच पोट काढून उभी आहे आणि वॉर्डरोब काटकोनात, तर फट राहणारच. आमचे सुतारकाका भिंतीच्या वळणाप्रमाणे पट्टी कापून लावून देतील, त्याचे पैसे घेणार नाही. वरच्या बाथरूमची सहा इंचांची पायरी आहे ती ड्रेनेजच्या पाइपला उतार देण्यासाठी. पायरी नको असेल तर कड्या कापाव्या लागतात. बाथटब नाकारला तोही वजनापायी. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर टब, वर तुम्ही. तुमच्या घरातल्या काकूंचं बाथरूम खाली आहे, एका पातळीत, धरायला दांड्यांसकट. ते लिहायचं तुमच्याकडून राहून गेलं. वाय-फायचं म्हणाल तर भिंत अडीच फुटांची आहे, म्हणून प्रत्येक खोलीत केबल काढून दिली आहे. मागच्या वेळी आले तेव्हा राउटर फडताळात होता. दार लावून.

म्युझियमबद्दल एवढंच की म्युझियममध्ये डिशवॉशर नसतो. कोठीत आता तुमचं मॉड्युलर किचन आहे आणि चिमणीचा पाइप जुन्या धुराड्यातूनच बाहेर काढला आहे, त्यामुळे दर्शनी भिंतीला एक भोकही पडलं नाही. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असल्याने दर्शनी बाजूला परवानगीशिवाय हात लावता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर लावावासाही वाटत नव्हता. काकू पहिल्या दिवशी त्या कोठीत आल्या, धुराड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'सासूबाई इथेच बसायच्या.' मग इंडक्शन कसं लावायचं ते त्यांनी विचारलं आणि स्वतः चहा केला. आम्हा चौघांना दिला.

दोन तारे तसेच राहू देत, बदला असं मी म्हणणार नाही. भिंत दिवाळीनंतर करू, कोरड्या हवेत. जुना थर खरवडून दोन थर नव्याने देऊ, खर्च आमचा. तीन आठवडे ती खोली वापरता येणार नाही, तेवढी सोय बघा. सोमवारी सकाळी साडेनऊला गवंडीकाका माप घ्यायला येतील. पलंग भिंतीपासून तीन फूट ओढून ठेवा. या वेळी हॅलोजन आणणार नाही.