‘कांगारू’ म्हणजे ‘मला माहीत नाही’ नव्हे

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील कुकटाउन या छोट्या गावाची एक गोष्ट मराठीतही हौसेने सांगितली जाते. कॅप्टन कुकने उड्या मारणाऱ्या प्राण्याकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारले, समोरचा माणूस ‘कांगारू’, म्हणजे ‘मला माहीत नाही’, असे म्हणाला आणि तेच प्राण्याचे नाव ठरले, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे.

या गोष्टीत एकच ओझरती गाठभेट गृहीत धरलेली आहे. प्रत्यक्षात 11 जून 1770 रोजी प्रवाळखडकावर आदळलेले कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज दुरुस्तीसाठी तेथील नदीच्या मुखाशी सुमारे सात आठवडे थांबले होते. जुलैमध्ये तेथील गूगू यिमिथिर या आदिवासी लोकांशी खलाशांचे जाणे-येणे सुरू झाले, जहाजावरच्या कासवांच्या वाटणीवरून भांडण झाले आणि एका वृद्धाने टोक मोडलेला भाला हाती घेऊन पुढे येत समेटही घडवून आणला. ज्यांच्यात तंटा आणि तडजोड या दोन्ही गोष्टी होऊ शकल्या, त्यांना एका प्राण्याचे नाव एकमेकांना सांगता आले नसेल, हे पटण्यासारखे नाही. शिवाय हा शब्द एकट्या कुकने नोंदवलेला नाही. जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सच्या दैनंदिनीत तो 12 जुलैला येतो, चित्रकार सिडनी पार्किन्सनच्या शब्दयादीत तो आहे आणि कुकच्या नोंदीत 4 ऑगस्टला.

कुकच्या शब्दावरचा एक आक्षेप अधिक वजनदार आहे आणि गैरसमजाचे मूळही बहुधा तोच असावा. सुमारे पन्नास वर्षांनी फिलिप पार्कर किंग हा ब्रिटिश नौदल अधिकारी त्याच नदीवर गेला, तेव्हा त्याला याच प्राण्यासाठी वेगळाच शब्द मिळाला; मग कुकनेच चुकीचे ऐकले असावे, असा निष्कर्ष लोकांनी काढला. परंतु किंगने टिपलेला शब्द ‘मिन्हा’शी जुळतो आणि मिन्हा म्हणजे खाण्याजोगा प्राणी, मांस. मालवणच्या बंदरावर टोपलीकडे बोट दाखवल्यावर एका पाहुण्याला ‘सुरमई’ आणि दुसऱ्याला ‘मासळी’ असे उत्तर मिळाले, तर त्यांपैकी कोणालाही खोटे ठरवता येत नाही.

1788 मध्ये सिडनीला उतरलेल्या इंग्रजांनी हा शब्द वापरला तेव्हा तेथील लोकांना तो कळला नाही, हेही पुरावा म्हणून पुढे केले जाते. सिडनी कुकटाउनपासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे आणि तेथील भाषा निराळी होती. त्या लोकांनी ‘कांगारू’ हा इंग्रजांचाच शब्द समजला आणि गाईगुरांनाही तेच म्हणतात का, असे विचारले.

1970 च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी गूगू यिमिथिर भाषकांमध्ये राहून या जुन्या शब्दयाद्या तपासल्या, तेव्हा ‘गंगुरू’ हा शब्द वापरात सापडला. त्याचा अर्थ कांगारूची एक विशिष्ट, मोठी आणि गडद रंगाची जात. इतर जातींना त्या भाषेत स्वतंत्र नावे आहेत. इंग्रजीची चूक झाली असेल तर ती येथे, कारण एका जातीचे नाव तिने सगळ्यांनाच लावले.

मला या दंतकथेचा राग येतो तो तिच्यातील माणसामुळे. आपल्या रोजच्या शिकारीचे नाव नेमके सांगणाऱ्याला तिने काहीच न कळणारा ठरवले आहे. 1942 मध्ये युद्धाचे कारण देऊन या गूगू यिमिथिर लोकांना त्यांच्या भूमीवरून उचलून दूर दक्षिणेला वूराबिंडा येथे नेण्यात आले आणि तेथे अनेक जण दगावले. वाचलेल्यांना परत यायला 1949 साल उजाडले. कुकटाउनच्या उत्तरेला त्यांनी वसवलेल्या होपव्हेलमध्येच हॅविलंड यांनी ती भाषा शिकून घेतली.