आधी पाया, मग एलिव्हेशन

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. सांवेरजवळ आजोबांनी घेतलेली शेती आहे, तिथे घर बांधायचंय. दादानं, म्हणजे माझ्या चुलत भावानं, इंदूरच्या एका आर्किटेक्टकडून नकाशा करून आणला: दोन मजले, चार बेडरूम, दर्शनी बाजूला काचेचं एलिव्हेशन, मागे स्विमिंग पूल. मी सुचवलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे मोठा ओटला आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. त्यावर त्याचा मेसेज आला, ‘कॅनडात राहून तुला गरिबीची हौस आली का? गावातले लोक पक्की घरं बांधतायत आणि आपण कवेलू घालायचे?’ खाली वहिनींचा अंगठा. मला ते लागलं.

गावात होणारी पक्की घरं दादानं नीट बघितलेली नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचं धरलंय, तेही स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे ज्यांचा दाखला तो देतोय त्यांची घरं माझ्या नकाशापेक्षा लहान आहेत, आणि ती पक्कीच आहेत.

इथे ओंटारियोत बांधकामाचे नियम 17.5 चौरस मीटरच्या घरालाही राहतं घर मानतात. माझ्या एका सहकाऱ्यानं पीटरबरोच्या पुढे केबिन बांधली. परमिट काढलं, सेप्टिक टाकलं, शनिवार-रविवारी जाऊन भिंती स्वतः उभ्या केल्या. पैसे कमी पडले का, असं त्याला कुणी विचारलं नाही. 1872च्या कायद्यानं कॅनडाच्या सरकारनं दहा डॉलर फी घेऊन 160 एकर जमीन दिली, तेव्हा अट होती तिथे राहण्याची, घर बांधण्याची आणि जमीन कसण्याची. प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांत, लाकूड नव्हतं, म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून भिंती रचल्या. दादा मला ब्रॅम्प्टनमधल्या मोठमोठ्या घरांचे फोटो पाठवतो. ती शहरातली घरं, त्यांचा शेतावरच्या घराशी काय संबंध?

दादाच्या नकाशात मातीचा कुठे उल्लेखच नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. आमची जमीन काळी. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात मनगटापर्यंत आत जातो. श्रावणात तीच माती पाणी पिऊन फुगते, पावलागणिक चपलेला ढेकूळ चिकटतं. पाया वरवरचा असेल तर ही माती घर दरवर्षी उचलते आणि खाली सोडते. शेजारच्या फार्म हाऊसच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा गेल्यात, पुट्टी आणि पेंट मारून त्या दरवर्षी बुजवतात. इथे ओंटारियोत बर्फ जमीन उचलतो, म्हणून आम्ही फुटिंग, म्हणजे पायाचा तळ, चार फूट खाली नेतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. काळ्या मातीवरही उपाय आहेत. पाया मुरुमापर्यंत न्यायचा, भोवती काळी माती काढून मुरूम भरायचा, प्लिंथला, म्हणजे जोत्याला, बीम बांधायचा, बाहेरून उताराची फरशी करायची म्हणजे पाणी भिंतीलगत मुरत नाही. मुरूम फार खोल लागला तर रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेनं विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल आहेत, म्हणजे जमिनीत उतरवलेले, खाली फुगीर बल्ब असलेले काँक्रीटचे खांब. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात. लहान, चौकोनी, एकमजली घराला हे सगळं परवडतं. चार बेडरूमच्या वळणावळणाच्या नकाशात तोच पैसा काचेत जाईल आणि पायाला कात्री लागेल.

भिंती आर्किटेक्ट लॉरी बेकर बांधायचे तशा रॅट-ट्रॅप पद्धतीनं घ्याव्यात. विटा उभ्या ठेवल्या की मधे पोकळी राहते, जवळपास चौथा हिस्सा विटा वाचतात आणि खोली कमी तापते. आणि कवेलूची लाज वाटणाऱ्यांनी महेश्वरला अहिल्याबाईंची गादी पाहून यावी. लाकडी खांबांचा साधा ओसारा आहे. तिथून त्यांनी राज्य चालवलं.

दादानं फोनवर एकदा सरळ विचारलं, ‘तू येणार किती, राहणार किती?’ वहिनी म्हणाल्या, ‘चारातली एक बेडरूम तुमचीच आहे की, भाऊजी.’ ती बेडरूम मला नको. इंदूरला आलो की मला एसीची खोली मिळते, धुतलेला टॉवेल मिळतो, चहाला साखर किती, असं विचारतात. ज्या घरात वाढलो तिथे मी पाहुणा झालोय. रामबागेतल्या जुन्या घरी गाद्या एका ओळीत पडायच्या आणि कोण कुठे झोपलंय हे सकाळीच कळायचं. दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यांची वेगळी खोली निघतच नाही. मला ते घर लहान हवंय त्यात हेही आहे, आणि हे मी ग्रुपवर अजून लिहिलेलं नाही.

माझा वाटा मी देणारच आहे, दादाचा नकाशा ठरला तरी देईन. पण ठेकेदाराला बयाणा देण्याआधी शेतात एक खड्डा खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा, एवढं तरी दादानं ऐकावं.