टी ट्री तेल आणि पिंपल्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

पिंपल्सवर टी ट्री तेल (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल) लावण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "बशीतले जंतू मेले म्हणजे तोंडावरचे मरतात का? लातूरच्या पोरांवर प्रयोग करू नका. थेंबांचं माप कच्चं आहे, तेल महाग आहे, सरळ डॉक्टरकडे पाठवा." शंका विचारायला हरकत नाही, पण 'पोरांवर प्रयोग' ही काय भाषा झाली? फार्मसीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बशी (प्रयोगशाळेत जंतू वाढवायची थाळी) आणि कातडी यांतला फरक निदान मला तरी सांगू नका.

उलट बशीतच तेलाला तोटा होतो. बशीतला अगार, म्हणजे जंतू वाढवायचा जेलीसारखा थर, पाणीदार; तेल त्यात पसरत नाही, वरून उडूनही जातं. म्हणून तेलाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजण्यापेक्षा, तेल पाण्यात मिसळवणारं ट्वीन 80 घालून, जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा द्रवात काढतात. पिंपल्सचा जंतू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, हवा टाळून छिद्रातल्या तेलकट सीबममध्ये राहतो. टी ट्रीमधलं टर्पिनेन-4-ऑल स्निग्धात विरघळतं आणि जंतूचं आवरण सैल करतं.

आणि तोंडावरचं विचारता, तर 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. दोन्हींनी पिंपल्स कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. हे लेखात होतं. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

थेंबांचं मात्र मान्य. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो, म्हणून सुई काढलेल्या सिरिंजने मोजा. अर्धा मिली तेलात आधी 1 मिली पॉलिसॉर्बेट 20 (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घोटा, मग साडेआठ मिली कोरफडीचं जेल. नुसत्या जेलमध्ये तेल घातलं की वर तवंग येतो, तोच एका जागी लागतो आणि कातडी भाजते. खोबरेल तेलात तर कालवूच नका, छिद्रं बुजतात. आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबा.

खरा घोटाळा बाटलीत होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत उघडझाप केलेलं तेल हवेने खराब होतं, आणि ॲलर्जी उठते ती बहुधा अशाच जुन्या तेलाची. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, गार जागा. वास उग्र झाला की टाकून द्या.

महाग म्हणाल, तर दहा मिली मिश्रणाला तेल अर्धा मिलीच लागतं. गाठी, खड्डे असतील तर त्वचारोगतज्ज्ञच, हेही लेखात आहेच. मेडिकलवरून विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब मात्र डॉक्टर नव्हे; तिच्यानेच पिंपल्स वाढतात. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.